सर, तुम्ही पुण्याला का गेलात?

सर, तुम्हाला बसवून नेलं. तुम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला न्यायची तीच रीत, मला ठाऊक होतं. तरी फुलांनी मढवलेल्या खुर्चीत बसून तुम्ही दारातून बाहेर आलात तेव्हा "अहो, सरांना उभं करा की," असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलापाशी उभा राहिलेला माणूस तो! शेजारी आपल्या दवाखान्यातल्या इनामदार सिस्टर पदर तोंडाला लावून रडत होत्या. मला रडू आलं नाही. मला तुमचा राग आला होता, आणि गेलेल्या माणसावर रागावायची सोय नसते.

मग इथल्या डॉक्टर मंडळींनी तुमची शोकसभा घेतली. एकेक जण उठून सांगत होता, सरांनी मुलींना सर्जरीत आणलं, सरांनी खेड्यातली पोरं घडवली. खरंच आहे ते. पण त्यातल्या निम्म्या लोकांनी त्या वेळी तुम्हाला चिडवलं होतं, "बाई असिस्टंट ठेवलीस, आता तिच्या बाळंतपणाच्या रजा सांभाळत बस!" तेच आता रुमाल काढून डोळे टिपत होते. मलाही बोलायला उभं केलं. "सर माझे गुरू होते," एवढं बोलून मी खाली बसले. लोकांना वाटलं, हुंदका आला. हुंदका कसला डोंबलाचा! माझ्या जिभेवर एकच प्रश्न होता आणि तो चारचौघांत विचारण्यासारखा नव्हता. सर, तुम्ही पुण्याला का गेलात?

आधी पहिल्यापासूनचं बोलते, नाहीतर म्हणाल पोरगी उपकार विसरली.

एम.एस. होऊन मी सोलापुरात आले तेव्हा माझ्याकडे डिग्री होती, हात नव्हता. शिकताना बाहेरगावी सगळा काळ रिट्रॅक्टर धरण्यात गेला होता. म्हणजे कापणार दुसरा, शिवणार दुसरा, आपण नुसती जखम उघडी धरून उभं राहायचं. बरोबरीची मुलं चाकू चालवायला लागली आणि मला मात्र, "मॅडम, तेवढ्या नोट्स लिहिता का? तुमचं अक्षर छान आहे." इथं आल्यावर दारोदार फिरले. एक म्हणाले, बाळंतपणाचं शीक, बायकांना ते बरं. दुसऱ्यांनी माझ्याकडे न बघता माझ्या वडिलांना, आप्पांनाच विचारलं, "हिचं लग्न कधी करताय?"

आप्पा माझ्याबरोबर यायचे. सांगोल्याकडचा मेंढरं राखणारा माणूस, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. नवी पेठेच्या मागच्या गल्लीतल्या तुमच्या दवाखान्यात आम्ही आलो तेव्हा तुम्ही आधी आप्पांना खुर्ची दिलीत. मग माझ्याकडे बघून तुमच्या त्या कानडी वळणाच्या अक्कलकोटी हेलात विचारलंत, "स्वयंपाक येतो का?"

माझं डोकंच फिरलं. रागात घरची भाषा बाहेर आली. "न्हाय येत!"

"ब्येस झालं. स्वयंपाकाला आमच्याकडं माणूस आहे. मला सर्जन पाहिजे. उद्या साडेआठला ये."

बाहेर आल्यावर आप्पा पेठेतल्या गर्दीत मधेच थांबले. म्हणाले, "मानूस बरा दिसतोय. पर बोलतोय लई तिरकं." आप्पांनी तुम्हाला एका वाक्यात ओळखलं होतं.

तुम्ही ताडमाड, मी वीतभर. तुमच्या उंचीला लावलेलं टेबल माझ्या छातीशी यायचं. म्हणून तुम्ही माझ्या पायाखाली ठेवायला स्टीलचं एक बुटकं स्टूल करून घेतलंत. त्यावर उभी राहून मी तुम्हाला मदत करायची. मग एका सकाळी अपेंडिक्सचा पेशंट टेबलावर होता आणि तुम्ही चाकू हातात घेतलाच नाहीत. माझ्या बाजूला आलात, पायानं ते स्टूल ढकललंत आणि सिस्टरांना टेबल खाली घ्यायला सांगितलंत. "ज्याच्या हातात चाकू, टेबल त्याच्या उंचीचं. आता मी वाकतो." आणि खरंच वाकलात हो! सगळं होईपर्यंत वाकून उभे होतात. मधे फक्त एकदा "ब्याड!" म्हणालात. ब्याड म्हणजे कानडीत नको. तुमच्या ऑपरेशन थिएटरात त्याचा अर्थ होता, हात आहे तिथं थांबव. मी थांबले, बघितलं, रक्तवाहिनी अगदी चाकूखाली होती. त्या संध्याकाळी तुम्ही कमरेला पट्टा बांधून राउंडला आलात. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. माझ्यासाठी असं कधी कुणी वाकलं नव्हतं.

हे मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

पोटाची ऑपरेशनं माझ्याकडे आली, स्तनाच्या गाठी आल्या, गळ्याच्या आल्या. अडायचं ते पुरुषांच्या हर्नियापाशी. जांघेतलं दुखणं. मोडनिंबचा असो, माढ्याचा असो, माणूस मला बघितल्याबरोबर धोतर सावरून भिंतीकडे तोंड करायचा. "बाईमानूस नगं. मोठ्या डॉक्टरला बोलवा." तुम्ही म्हणायचात, "मीच करतोय रे बाबा, घाबरू नकोस." आणि यावर तुम्ही जो तोडगा काढलात तो फक्त तुम्हालाच सुचावा. कमरेत भूल दिलेली, म्हणजे पेशंट पूर्ण जागा. छातीवर आडवा पडदा. पडद्याच्या त्या बाजूला त्याचं डोकं, या बाजूला आपण. तुम्ही टेबल खाली घ्यायचात, चाकू माझ्या हातात द्यायचात आणि ओठांवर बोट ठेवायचात. मग मी मुकाट्यानं हर्निया करायचा आणि तुम्ही पडद्यावरून मान उंच करून त्याच्याशी गप्पा मारायच्या. "काय पाव्हणं, शाळू कसाय औंदा? ज्वारीला पाऊस बेतानंच झाला म्हणायचा." बिचाऱ्याला वाटायचं, बोलतोय तोच कापतोय.

मी खूप दिवस गप्प राहिले. हात तयार होत होता ना! तुम्ही डोळ्यांनी शिकवायचात. भुवई वर गेली की थांबायचं, मान हलली की पुढं जायचं. मजासुद्धा यायची, खोटं कशाला बोलू? मग एकदा दोरा संपला आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "दोरा द्या."

पडद्यामागून आवाज आला, "कोन बाई हाय हितं?"

तुम्ही म्हणालात, "सिस्टर आहे. झोप तू."

इनामदार सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली. मी तो हर्निया पुरा केला, शेवटचा टाका घातला आणि बाहेर येऊन हातमोजे बादलीत आपटले. तुम्ही मागोमाग आलात. त्या दिवशी आपण जे भांडलो तसं तुमच्याशी कुणी भांडलं नसेल.

"मी सिस्टर? आणि ज्या खऱ्या सिस्टर आहेत त्यांना काय वाटलं असेल?"

"पोरी, तुझा हात तयार होतोय ना? आधी हात. नाव मागनं येतं."

"पडद्यामागं हात तयार झाला, पण मी कुठाय? आणि त्या माणसाला कळायला नको, त्याला कोण कापतंय? तुम्ही एकदा सांगा की, ही करणार आहे आणि मी शेजारी उभा आहे. तुमच्या शब्दावर लोक पोट उघडून देतात, तेवढं नाही ऐकणार?"

तेव्हा तुमचा आवाज चढला. "आणि नाही ऐकलं तर? उठून गावाला निघून गेला, तिकडं हर्निया अडकला, आतडं काळं पडलं, माणूस मेला. मग तुझ्या मानाला घेऊन काय करू मी?"

तुमचं चुकत होतं आणि तरी तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "पेशंटला आधी सांगणार असाल तरच मी हात लावीन." तुम्ही म्हणालात, "मग नको लावूस." झालं. त्यानंतर साधा हर्निया आला की तुम्ही करायचात आणि मी स्टुलावर उभी राहायची. अडकलेला हर्निया घेऊन कुणी तळमळत आला तर तो माझा. जीव घशाशी आला की बाई का बुवा हे कुणी विचारत नाही.

पण भांडणानं आपला अबोला झाला नाही. तुम्हाला अबोला धरता यायचाच नाही. दुसऱ्या दिवशी अकराचा चहा आला तेव्हा तुम्ही माझा कप पुढं सरकवलात आणि थायरॉईडबद्दल बोलायला लागलात. तेवढ्यात पेशंट आला की माझी ओळख करून द्यायचात, "ही आमच्या सांगोल्याच्या मेंढपाळाची पोर. बघा कशी टाके घालते!" अभिमानानंच म्हणायचात, कळायचं मला. पण मी काय जत्रेत आणलेलं कोकरू होते का? तुमच्या मुलाच्या वयाचा असिस्टंट आला तेव्हा "हा अमक्या वकिलाचा पोरगा, बघा कसा टाके घालतो," असं कधी म्हणाला नाहीत. पुढं सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराघरची श्रावणी आपल्याकडे शिकायला आली. घरी तेलुगू बोलणारी, वडील मागावर. तुम्ही तिला पेशंटपुढं उभं करून "ही आमच्या विणकराची..." एवढं म्हणालात आणि मी मधेच तोडलं, "ही डॉक्टर श्रावणी." तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. "शिकलीस की," म्हणालात. काय शिकले ते सांगितलं नाहीत.

मग तुमचा हात थरथरायला लागला. कुणी सांगायच्या आधी तुम्हीच चाकू खाली ठेवलात. किती सर्जनांना हे जमतं? दवाखाना माझ्यावर आला, तुम्ही सकाळी येऊन जुन्या पेशंटांना तपासायचात. मी पुरुषांना सरळ सांगायला लागले, "ऑपरेशन मी करणार. चालत असेल तर थांबा." बरेचसे उठून जायचे. थोडे थांबायचे.

आणि त्या हिवाळ्यात तुम्हाला खोकला लागला.

खोकताना तुमचा हात खिशाजवळ जायचा आणि जांघ दाबून धरायचा. हे मला दिसू नये? आपल्या धंद्यात ही खूण आंधळ्यालाही कळेल. मी बोलले नाही. म्हटलं, सर सांगतील. मला नाही तर आणखी कुणाला सांगणार? सर, मी मनातल्या मनात तुमचं ऑपरेशन करून टाकलं होतं. आत बसवायची जाळी कुठली वापरायची, टेबल कुठवर खाली घ्यायचं, श्रावणीला कुठं उभं करायचं. तुम्हाला भूल कमरेतच द्यायची हेही ठरवलं होतं, म्हणजे तुम्ही पडद्यापलीकडून "ब्याड! ब्याड!" ओरडत राहाल आणि मी म्हणेन, "गप पडा, सर, आता मी सर्जन आहे." मला त्याची वाट बघण्यात आनंद होता, हे सांगायला आता लाज वाटते.

एके दिवशी चहाचा कप खाली ठेवत तुम्ही म्हणालात, "जरा लेकीकडं पुण्याला जाऊन येतो." परत आलात ते खुर्चीचे हात धरून हळूच टेकत बसलात. मी सिस्टरांकडे बघितलं. त्यांनी नजर खाली घातली, अगदी त्या दिवशीसारखी. संध्याकाळी म्हणाल्या, "मॅडम, सरांनी पुण्यात हर्निया करून घेतला. ड्रेसिंगला मी घरी जातेय. तुम्हाला सांगू नका म्हणाले." केला कुणी, तर तुमच्याच एका जुन्या असिस्टंटनं. टाक्याची गाठ मारायला त्याला मीच शिकवलं होतं, विसरलात?

मला वाईट वाटलं, असं सभ्य भाषेत म्हणतात. मला अपमान वाटला, सर. जगातले सगळे पुरुष माझ्यापुढं भिंतीकडे तोंड करोत, तुम्ही नाही करायचं. माझ्या हाताची खातरी या जगात फक्त तुम्हाला होती. तुम्हीच तो घडवला. आणि तुम्हालाच तो नको झाला? की हातावर विश्वास होता आणि बाईची लाज वाटली? यातलं कुठलं ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. तुम्हीही बोलला नाहीत. आपण जाळीवर बोललो, जंतूंवर बोललो, माझ्या लेकाच्या दहावीवर बोललो. तुमच्या जांघेतल्या त्या व्रणाच्या कडेकडेनं आपण हिंडत राहिलो. आणि मग त्या सकाळी तुमच्या घरून काकूंचा फोन आला. मी पळत आले, पण तुमचं हार्ट थांबलं होतं. माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शोकसभेनंतरच्या सोमवारी मोडनिंबहून एक तात्या आले. पांढरी टोपी, हातात पिशवी. आत येऊन तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे राहिले.

"मोठं डॉक्टर कुटं हायत?"

मी सांगितलं. तात्या मटकन बाकावर बसले. टोपी काढून हातात घेतली. हर्निया धोतरावरूनसुद्धा दिसत होता, चांगला लिंबाएवढा. मी माझं ठरलेलं वाक्य म्हणाले, "ऑपरेशन मी करणार तात्या. चालत असेल तर थांबा."

"तेच सांगाय आलोय की. मला त्यांनीच सांगितलंय, बाईंकडनंच करून घ्यायचं."

"कधी?"

"संक्रांतीच्या आदी आल्तो, तुमी आत ऑपरेशनात हुता. मी म्हनलं, बाईमानसाकडं न्हाय बा जमायचं. तर दार लावून घेतलं आन् आपली जांघ दावली मला! म्हनले, माझं बी हेच झाल्तं. मी लाजलो आन् पुन्याला गेलो. माझ्या हातानं शिकवलेली पोर हितं हाय, तिच्यापरीस चांगला हात तितं बी न्हाय, तरी गेलो. चुकलो. तू तसं करू नगंस."

मी खुर्चीवर बसले, सर. तुमच्याच खुर्चीवर.

"मी इचारलं," तात्या सांगत होते, "मग ह्ये बाईंस्नी बोललाय व्हय? तर न्हाय म्हून मान हलवली. म्हनले, तिला सांगाय तोंड न्हाय मला."

"मग तात्या, तेव्हाच का नाही आलात?"

"शाळू काढायचा हुता की. म्हनलं, सुगी झाल्यावर बगू."

शाळू काढायचा होता! तात्या तेव्हा पुढच्या आठवड्यात आले असते तर हे सगळं मला तुम्ही असताना कळलं असतं. मी तशीच तुमच्यापुढं येऊन उभी राहिले असते, कडाकडा भांडले असते, आणि मग कदाचित तुमच्या पाया पडले असते. तात्यांवर रागावू तरी कशी? त्यांनी शाळू काढला, तुम्ही तोंड मिटलं, मी वाट बघितली.

काल त्यांचं ऑपरेशन केलं. टेबल माझ्या उंचीला होतं. समोर श्रावणी, ती तुमच्याएवढी नसली तरी उंच आहे, तिला वाकावं लागलं. वाकताना कुरकुरली, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "याच टेबलापाशी मोठे सर वाकायचे, तुझं काय घेऊन बसलीस!" पुढचा हर्निया श्रावणीच्या हातचा. त्या पेशंटला आज सकाळीच सांगितलंय, ती करणार आणि मी शेजारी असणार. तो विचार करून सांगतो म्हणालाय. करू दे विचार.

पडदा मात्र लावावाच लागतो, त्याला इलाज नाही. मी कापायला सुरुवात केली आणि बघा सवय कशी असते, माझं तोंड आपोआप मिटलं. इतक्या वर्षांनी, स्वतःच्या टेबलापाशी, स्वतःच्या पेशंटपुढं मी गप्प! थोड्या वेळानं पडद्यामागून आवाज आला.

"बाई, तुमीच हाय न्हवं?"

"व्हय तात्या, मीच हाय."

"मग बोलत ऱ्हावा की. गप बसलं की भ्या वाटतंय."

मी बोलले, सर. जाळी बसवीपर्यंत बोलत होते. शाळू कसा झाला विचारलं, कडब्याचं विचारलं, खतासाठी मेंढरं बसवता का रानात, ते विचारलं. आप्पांची मेंढरं एकदा मोडनिंबच्या रानात बसली होती, तेही सांगितलं. श्रावणी मास्कआडून हसत होती. मधे तिनं जरा घाईनं चिमटा पुढं नेला तेव्हा माझ्या तोंडून "ब्याड!" गेलं. ती थांबली. कानडीचा गंध नाही पोरीला, पण थांबली.

बाहेर आले, हातमोजे काढले. अकरा वाजून गेले होते. चहा आला तो मी तुमच्या खोलीतच बसून प्याले. सर, मोडनिंबच्या एका अनोळखी माणसापुढं दार लावून तुम्ही जे बोललात, ते मला ऐकायचं होतं. त्याच्या तोंडून नाही, तुमच्या तोंडून. तोंड न्हाय म्हणे! रोज अकराला तुम्ही माझ्यासमोर बसून चहा प्यायचात, सर. एवढंसं वाक्य होतं.